सोडून गेलेल्यांची हजेरी

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत हजेरी-कारकून म्हणून मी उमेदीची वर्षे घालविली. सकाळी वखारीचा दरवाजा उघडला की बायकापोरींची नावे पुकारावयाची, आलेलीच्या नावापुढे उभी रेघ आणि न आलेलीच्या नावापुढे फुली मारावयाची, पगाराच्या दिवशी बेरजा करून अंगठे घ्यावयाचे आणि हंगाम सरला म्हणजे तो लांबट, लाल कापडी पाठीचा हजेरीपट दोरीने बांधून दफ्तरात टाकावयाचा, एवढेच माझे काम. माणसाच्या आरोग्याशी त्या पटाचा काही संबंध असेल, असे तो आखणाऱ्याच्या मनातही कधी आले नसेल. तथापि कामाच्या जागी लागणाऱ्या दम्याविषयी, आणि विशेषतः विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींना तो कसा गाठतो याविषयी, मला जे काही कळले आहे त्याचा पहिला धडा मला त्या फुल्यांनी दिला. आणि पुढे बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या टाईम ऑफिसात बसून जे पाहिले, त्याने तो पक्का झाला.

निपाणी हे विडीच्या तंबाखूचे गाव. अकोळ, जत्राट, गळतगा, आडी या भोवतालच्या शिवारांतून वाळविलेले पान वखारीत येई, आणि तेथे ते बडवून, चाळून, काडी वेगळी काढून त्याचा विडीत घालण्याजोगा जर्दा होईपर्यंत जो खकाणा उठे, त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला सांगून येणार नाही. बारीक जर्दा वाऱ्याने उडून जाऊ नये आणि मालाला सर्द हवा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या असत. पंख्याचा तर प्रश्नच नव्हता. चाळणीपासून बऱ्याच अंतरावर माझे मेज, तरी दुपारपर्यंत दौतीतल्या शाईवर तपकिरी साय धरे. त्या खकाण्यात नुसता पानाचा चुरा नसतो. रानातली माती असते, साठवणीत धरलेल्या बुरशीचे कण असतात, जंतूंचे अवशेष असतात, आणि पानातले निकोटिनही असते. चाळणीपाशी बसलेल्या बाया पदर नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारीत. पदराच्या विणीतून काय अडणार आणि काय आत जाणार हे सांगण्यास वैद्यकाची गरज नाही. संध्याकाळी तो पदर सोडला की आतली बाजूही तितकीच तपकिरी निघे.

नवीन पोरगी कामावर आली की पहिले काही दिवस तिचे डोळे वाहत, शिंकांनी ती बेजार होई, क्वचित दुपारची भाकरी ओकून टाकी. शेजारची मावशी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवी आणि म्हणे, "हुतंय सवय, पोरी. चार दिस काढ." आणि बहुतेकींना ती सवय खरोखरच होई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. खरा घात आहे तो इथेच. धुळीने नाक-घसा चुरचुरणे ही एक गोष्ट, ती ओसरते. आणि त्याच धुळीतील एखाद्या द्रव्याची शरीराने शत्रू म्हणून कायमची ओळख धरणे ही अगदी निराळी गोष्ट, जिला आरंभी कसलीच लक्षणे नसतात. ही ओळख पक्की व्हावयास कित्येक आठवडे लागतात, महिने लागतात, कधी एक सबंध हंगाम उलटून जातो. आणि या मधल्या शांत काळात पोरगी हसतखेळत चाळण मारीत असते, तिची आई निर्धास्त असते, मुकादम म्हणतो की बघा, रुळली. ज्या दिवसांत "सवय झाली" असा निर्वाळा सगळे देतात, नेमक्या त्याच दिवसांत तिच्या श्वासनलिकांत त्या रोगाची पायाभरणी चाललेली असते. एकदा ती पुरी झाली म्हणजे मग पूर्वी जिने घमेलेभर खकाणा सोसला तिला चिमूटभरही पुरतो.

अकोळहून येणारी एक मुलगी मला आजही स्पष्ट आठवते. आईने तिचे वय अठरा सांगितले होते आणि मी तेच लिहिले होते. पहिला हंगाम तिने फुलीवाचून काढला. दुसऱ्या हंगामात तिच्या नावापुढे फुल्या येऊ लागल्या, आणि त्यांची एक तऱ्हा होती: सुटीच्या दुसऱ्या दिवशी ती हजर, त्यापुढचे दोन दिवस हजर, मग एक फुली, मग एक उशिरा आल्याची खूण, आठवड्याच्या शेवटी पुन्हा फुली. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "रातभर भितीला टेकून बसून काढतीया, अण्णा. आडवी झाली की छातीत शिट्टी वाजतीया. दिसाचं काय न्हाई." दिवसा काही नाही, ही त्या माउलीच्या दृष्टीने वखारीची निर्दोषताच होती, कारण वखारीत तर पोरगी दिवसाच असते. हा दमा पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी, रात्री उशिरा, पहाटे उसळतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या वर्षी माघी पौर्णिमेला मायलेकी सौंदत्तीला यल्लमाच्या जत्रेस गेल्या आणि वाटेतल्या पाहुण्यांकडे राहून आठवड्याने परतल्या. पोरीचा आवाज मोकळा झाला होता, चेहरा उजळला होता. "आईनं भंडारा लावला आन् सुटली बघा पोर," असे तिची आई वखारीत साऱ्यांना सांगत होती, आणि तिच्या श्रद्धेला उणा शब्द बोलावा असे मला आजही वाटत नाही. पण त्या आठवड्यात देवीच्या डोंगरावर खकाणा नव्हता. कामावर येऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच रात्रीची शिट्टी परत सुरू झाली. कामाच्या जागेने होणाऱ्या दम्याचे निदान करताना जगातला कोणताही जाणता डॉक्टर जो प्रश्न प्रथम विचारतो, तो एवढाच की सुटीत, परगावी गेल्यावर, बरे वाटते का. आणि त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वखारीत सौंदत्तीच्या प्रत्येक जत्रेला कोणी ना कोणी मोठ्याने देत असे. (कापसाच्या धुळीचा जो रोग सूतगिरण्यांत आढळतो त्याची लकब याच्या उलट असते: तेथे सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि आठवडा चढेल तशी सैल होते. इचलकरंजीकडच्या कामगारांत हा भेद पुढे मला ऐकावयास मिळाला. दोन्ही रोगांत सुटीचा दिवसच साक्षीदार. फक्त साक्ष निराळी.)

तरुण मुलीचा खोकला म्हटला की आमच्या भागात पहिली शंका क्षयाची. त्या मुलीच्या थुंकीची तपासणी झाली, काही निघाले नाही. मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. दम्यात फोटो बहुधा स्वच्छच असतो, कारण बिघाड फुप्फुसाच्या डागांत नसून नळ्यांच्या आकुंचनात असतो आणि तेही येऊनजाऊन. पण फोटो स्वच्छ म्हटल्यावर तिला काही झालेले नाही, पोरगी कामचुकार आहे, असा समज मुकादमाने करून घेतला. आणि क्षयाचे नाव एकदा चर्चेत आल्यामुळे तिचे लग्न मोडेल या धास्तीने आईने तो विषयच बंद केला. एका सोमवारी मी नाव पुकारले, उत्तर आले नाही. मुकादम म्हणाला, "काढा ते नाव." मी नावावर आडवी रेघ ओढून शेरा लिहिला: काम सोडले. खालच्या ओळीत त्याच दिवशी दुसऱ्या मुलीचे नाव चढले.

या आडव्या रेघांविषयी मला पुढे फार विचार करावा लागला. आमच्या वखारीत पन्नाशी उलटलेल्या अशा काही मावश्या होत्या की ज्यांचे सारे आयुष्य चाळणीपाशी गेले होते, आणि खकाण्याचा विषय निघाला की त्या छातीवर हात मारून म्हणत, "मला काय झालंय बघा की!" त्या खोटे बोलत नव्हत्या. पण त्यांच्यासोबत ज्या कामाला लागल्या होत्या त्या बाकीच्या कुठे आहेत, हे विचारावे तर उत्तर फक्त दफ्तरात होते. पावसाळ्यात वखार बंद असताना मी मागल्या हंगामांचे पट सोडून पाहू लागलो, तेव्हा एक-दोन हंगामांत गळालेल्या नावांत कोवळ्या पोरींचीच गर्दी दिसली. त्यांतील कित्येकी लग्न होऊन गेल्या असतील, कित्येकी उसाच्या फडावर गेल्या असतील, हे मी जाणतो. आडवी रेघ कारण सांगत नाही. परंतु जिचा श्वास अडतो ती त्या जागी टिकूच शकत नाही, म्हणून मागे उरतात त्या ज्यांना ते सोसले त्याच, आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवून तो धंदा निरुपद्रवी ठरविता येतो. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्यातील विल्यम ओगल यांनी १८८५मध्येच हे हेरले होते की कष्टाचे धंदे अशक्तांना आपोआप दूर लोटतात, आणि म्हणून त्या धंद्यांतले मृत्यूचे आकडे वास्तवापेक्षा बरे दिसतात. ओगल यांचे नाव मला फार उशिरा वाचावयास मिळाले. पण वाचताच मला आमचे दफ्तर आठवले. "सवय होते" हे विधान ज्यांना सवय झाली नाही त्यांच्या गैरहजेरीवर उभे असते.

त्या काळी निपाणी गाजत होती ती निराळ्या कारणांनी. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, तो दिवस आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. वखारीतल्या बायकांची संघटनाही त्याच सुमारास उभी राहिली. अनिल अवचट यांनी त्यांच्या हालांविषयी लिहिले, दीपा धनराज यांच्या गटाने १९८२मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. मजुरी, हजेरी, मुकादमाची अरेरावी, बायकांची अब्रू, हे सारे प्रश्न ऐरणीवर आले, आणि यायलाच हवे होते. माझ्या वखारीत मात्र मी हे पाहिले की मागण्यांच्या अर्जावर अंगठा उमटविणाऱ्या त्या टिकलेल्याच होत्या. ज्यांचा दम गेला त्या घरी बसल्या होत्या, आणि घरी बसलेलीचा अर्ज लिहिण्यास कोणी कारकून नव्हता.

कायद्याने हा रोग ओळखलेला नाही असे मुळीच नाही. त्या वेळी लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्याला जोडलेल्या तिसऱ्या परिशिष्टाच्या 'ब' भागात, कामाच्या प्रक्रियेतच असणाऱ्या संवेदनकारी द्रव्यांमुळे होणारा दमा व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद झालेला एका वकिलाने मला दाखविला, तेव्हा मला क्षणभर हर्ष झाला. त्याच कायद्यातील अट पुढे वाचली आणि तो मावळला: कामगाराची नोकरी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांहून कमी असता कामा नये, आणि त्याच प्रकारच्या कामात दुसऱ्या मालकाकडे काढलेला काळ त्यात धरावयाचा नाही. हंगामी वखारीतील सतरा-अठरा वर्षांची पोरगी, जी दोन महिने या वखारीत, तीन महिने पलीकडच्या वखारीत, मधला काळ रानात, अशी फिरत असते, तिच्यासाठी ही अट म्हणजे बंद दरवाजाच. कारण सहा महिने सलग भरावयाच्या आत एक तर हंगाम सरतो, नाही तर ती. विडी कामगारांसाठी १९६६चा कायदा होता, १९७६चा कल्याण निधी होता. पण त्यांचा आधार ओळखपत्रावर, आणि ओळखपत्र मिळावयाचे तर मालकाच्या दाखल्यावर. त्यात आमचा मुलूख सरहद्दीचा. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, मिरजेचे मिशन हॉस्पिटल आजोबांच्या काळापासून ओळखीचे, म्हणून रोगी धावतो तो तिकडे. आणि तेथल्या डॉक्टरांचा मराठीत लिहिलेला कागद घेऊन इकडच्या कचेरीत उभा राहिला की तो कागद इकडचा नाही, भाषा इकडची नाही, म्हणून हेलपाटे सुरू होतात. रोज बुडवून घातलेले असे हेलपाटे किती जणींनी अर्ध्यावर सोडले, याचा हिशेब कोणत्याच राज्याच्या दप्तरी नाही.

पुढे मी बेळगावला गेलो. उद्यमबागेतील ती फाउंड्री म्हणजे वखारीहून सर्वस्वी वेगळे जग: आयटीआय झालेली खानापूर-चंदगडकडची तरणीताठी पोरे, पंचिंगचे कार्ड, कारखान्याचा डॉक्टर. धूळ येथेही होती, वाळूची, आणि तिचा सिलिकोसिस हा स्वतंत्र आणि भयंकर विषय आहे. तो वर्षानुवर्षे साचत जातो आणि छातीच्या फोटोत दिसतो. मला जो चकविणारा वाटला तो पेंट शॉपमधला आणि कोअर शॉपमधला त्रास, कारण तेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. चकाकीसाठी रंगात जो हार्डनर मिसळतात त्यात आणि वाळूचे कोअर घट्ट करणाऱ्या काही रेझिनांतही आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. १९८४मध्ये भोपाळला ज्या वायूने संहार केला तो याच कुळातला, फार अधिक उडून जाणारा. कामाच्या जागी लागणाऱ्या दम्याच्या कारणांत हे कूळ साऱ्या जगात वरच्या क्रमांकावर मोजले जाते. फवारणी करणारी पोरे तोंडाला रुमाल बांधीत किंवा कागदी मास्क लावीत. त्याने रंगाचे थेंब काहीसे अडत असतील, पण वाफ अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली, याहून कमी उपाय तेथे कामाचा नाही.

त्या कारखान्यात आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर वयस्क आणि मितभाषी होते. कार्डांवरून माझ्या लक्षात आलेली उशिरांची तऱ्हा मी त्यांना दाखविली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या खेपेस प्लॅस्टिकची एक नळी आणली, पीक फ्लो मीटर. एका पोराला त्यांनी ती दिली आणि सांगितले की दिवसातून निदान चार वेळा पूर्ण श्वास भरून जोराने फुंकावयाचे, काटा जेथे थांबेल तो आकडा वहीत टिपावयाचा. कामाचे दोन आठवडे आणि मग गणपतीच्या रजेचे दिवस, एकही दिवस न गाळता. रजेवरून परतल्यावर त्यांनी माझ्याच मेजावर, माझ्याच पट्टीने ते आकडे जोडून रेघ काढली. कामाच्या दिवसांत ती उतरत जात होती, संध्याकाळी अधिक खोल; रजेत दिवसागणिक वर चढली होती. अकोळच्या त्या मुलीच्या फुल्यांतून मी जे चाचपडत वाचले होते ते येथे कोणालाही नाकारता येणार नाही अशा रूपात उमटले होते. डॉक्टरांनी व्यवस्थापनाला एवढेच लिहिले की या मुलाला रंगापासून दूर, वाफ पोहोचणार नाही अशा ठिकाणी, आणि आजच हलवावे. त्याला स्टोअर्समध्ये हलविले. वर्षभरात त्याचा दम्याचा पंप जवळजवळ सुटला.

त्याच्याच जोडीचा दुसरा मुलगा मात्र फवाऱ्यावरची जादा मजुरी सोडावयास तयार नव्हता. घरी बहिणीचे लग्न उभे होते. पंप ओढून ओढून त्याने आणखी काही वर्षे काढली. शेवटी त्याने काम सोडले तेव्हा दमा त्याच्यासोबत घरी गेला, आणि आता त्याला रंगाची गरजच उरलेली नाही: चुलीचा धूर, उदबत्ती, मिरचीची फोडणी, थंडीची पहाट, काहीही पुरते. या दोघांमधला भेद प्रकृतीचा फारसा नव्हता, वेळेचा होता. लक्षणे दिसू लागल्यावर जितक्या लवकर माणूस त्या द्रव्यापासून दूर जातो तितकी तो बरा होण्याची आशा अधिक, आणि औषध घेत घेत तेथेच राहिला तर रोग कायमचा वस्तीला येतो. तरुण वयात हे कळणे म्हणजे पुढची चाळीस वर्षे वाचणे. आणि तरुण वयातच ते सांगणे सर्वांत अवघड, कारण नवशिक्या पोराला कामावरून काढून टाकले जाण्याचे भय असते, धाप लागल्याचे कबूल करणे नामुष्कीचे वाटते, आणि सर्वांत घाणीचे काम तर नेहमी नवशिक्याच्याच वाट्यास येते.

इटलीतील मोडेना येथे १७००मध्ये बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पीठ दळणारे आहेत, पाववाले आहेत आणि तंबाखू कुटणारेही आहेत. आणि रोग्याला इतर प्रश्नांसोबत त्याचा धंदा कोणता हेही विचारावे, असे त्यांनी वैद्यांना बजावले. निपाणी-बेळगाव पट्ट्यातील ज्या दवाखान्यांत मी रोग्यांना घेऊन गेलो आहे, त्यांपैकी बहुतेकांच्या केसपेपरावर नाव, वय, गाव यांना रकाना आहे आणि धंद्याला नाही. पाहिजे तर तो शिक्क्याने उमटविता येईल. तद्वतच कामगारांच्या प्रत्येक हजेरीपटात, मग तो आज संगणकावर असो, नाव काढताना सोडण्याचे कारण लिहिण्याचा रकाना असावा, आणि पंचविशीच्या आतील कामगाराच्या बाबतीत ते कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून विचारून लिहावे, मुकादमाच्या नव्हे, असा माझा आग्रह आहे. मी तो लेखी अर्जांद्वारे मांडीत आलो आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी निपाणीस परतलो. वखारी आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत. हमरस्त्याच्या कडेने गाड्या दुरुस्तीची आणि रंगकामाची गॅरेजे मात्र वाढली आहेत, आणि तेथे यमगर्णी-सौंदलग्याकडची मिसरूड न फुटलेली पोरे आडोशाला ताडपत्री लावून हार्डनर मिसळलेला रंग मारतात. माझ्यापाशी एक पीक फ्लो मीटर आणि रेघा मारलेल्या वह्या असतात. ज्या पोराला रात्री खोकला येतो असे कानावर येते त्याच्याशी मी बोलतो, वही भरून घेतो आणि ती घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरकडे जातो. एका गॅरेजवाल्याने वही पाहून पोराला इंजिनकामाकडे वळविले आणि हवा खेचणारा पंखाही बसविला. दुसऱ्याने पोरालाच जाण्यास सांगितले. तो पोरगा सध्या पंक्चरच्या दुकानात आहे. छाती मोकळी आहे, मजुरी निम्मी आहे, आणि परत रंगाला जाऊ देऊ का, असे त्याच्या आईने मला दोनदा विचारले आहे. जाऊ देऊ नका, असे मी तिला सांगितले आहे. मात्र मजुरीतली ती निम्मी तूट कोणी भरून द्यावयाची याचा अर्ज अद्याप निकालात निघालेला नाही.